बाईसाहेबांचा बाक

"धक्का बाद," आत्या म्हणाली आणि नकाशावरच्या धक्क्यावर लाल फुली मारली.

"अगं, समोर अख्खा समुद्र आहे तिथे! सूर्य थेट डोळ्यांसमोर!" भरतीवाला खुर्चीतून अर्धा उठला.

"दादा, बांधकामं तपासायची नोकरी करते मी. खांब आतून खाल्लेत त्याचे. त्या दिवशी तो धक्का उभा असेल असं मी काही लिहून देणार नाही."

भरतीवाला पुन्हा बसला. तो बंदराच्या ऑफिसात भरती-ओहोटीचे तक्ते करायचा, म्हणून घरात त्याचं हे नाव पडलं होतं. चार वाजत आले होते. बंदर खातं नव्या किनारपट्टीवर दगडी बाक बसवत होतं आणि ज्याला हवा त्याला आपल्या बाकाची जागा सुचवता येणार होती. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. उद्या सिमेंट ओतलं की बाक कायमचा तिथेच.

आणि याच किनाऱ्यावरून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी. दोन मिनिटं एकावन्न सेकंद पूर्ण अंधार, भर दिवसा चांदण्या, आणि घरी परतणारे गोंधळलेले पक्षी. बाईसाहेबांना ते बाकावर बसून दिसलं पाहिजे, एवढंच ठरवायचं होतं. जागा चुकली तर बाईसाहेबांचं ग्रहण चुकणार होतं, आणि दुसरं ग्रहण त्यांच्या वाट्याला येण्याची शक्यता नव्हती.

त्या दिवशी भरतीवाला, त्याची बायको आणि आत्या या तिघांपैकी कुणालाही येता येणार नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

बाईसाहेब आतल्या खोलीत झोपल्या होत्या. दिवसाचे सोळा-सतरा तास त्या झोपतच असत. उरलेल्या वेळात खायला पाच मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर घेत. तोंडात एकही दात नव्हता, पण आवाज खणखणीत होता.

"मग वाळूवर ठेवू," आत्या म्हणाली.

"वाळू राहील तर ना!" भरतीवाल्याने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. ऑफिसच्या छापील तक्त्यांत ती तारीख नव्हती, म्हणून त्याने आकडेमोड स्वतः केली होती. तीनदा. "अमावास्येची भरती आहे. शिवाय पाणी आजच्यापेक्षा बरंच वर असणार. बाईसाहेब कमरेपर्यंत पाण्यात बसतील आणि वर तोंड करून म्हणतील, वा, काय ग्रहण आहे!"

"मग टेकडी?"

"चौऱ्याण्णव पायऱ्या," स्वयंपाकघरातून त्याची बायको ओरडली. हातातलं फडकं घेऊनच ती बाहेर आली. हाडांच्या दवाखान्यात ती रुग्णांकडून व्यायाम करून घेत असे. "ब्याऐंशी वय धरा. ब्याऐंशीचे गुडघे मी रोज बघते. पायऱ्या म्हटलं की माणसं माझ्याकडे मारेकऱ्याकडे बघावं तशी बघतात."

"वहिनी, उचलून नेतील की कुणी."

"बाईसाहेबांना? उचलून? मान ठेवतील का त्या कुणाचा?"

तिघंही हसली. मग तिघांनी एकदम नकाशावर बोट ठेवलं, एकाच ठिकाणी. दीपगृहाचं वळण. सपाट रस्ता, शौचालय जवळ, पश्चिम मोकळी, पाण्यापासून तीन पुरुष उंच.

"हेच!" भरतीवाल्याने टेबलावर मूठ आपटली. आत बाईसाहेब कुरकुरल्या. तिघांनी श्वास रोखले. बाईसाहेब पुन्हा झोपल्या.

"एक मिनिट," आत्या कुजबुजली. "मध्ये झाड येतंय."

"कुठलं? ते गुडघ्याएवढं?"

"झाडं वाढतात, दादा."

भरतीवाल्याने मोजपट्टी लावली, पुन्हा सूर्याची उंची काढली आणि बाक चार मीटर डावीकडे सरकवला. कागदावर. लहानपणी त्याच्या वाटचं ग्रहण ढगांनी खाल्लं होतं. सगळी शाळा मैदानात उभी राहून करड्या आभाळाकडे बघत होती, आणि मास्तर म्हणाले होते, समजा की झालं.

"आणि हात टेकायला दांडे हवेत," बायको म्हणाली. "दोन्ही बाजूंना. उठताना लागतात."

"लिहिलं."

"पाठही हवी बाकाला."

"लिहिलं गं बाई. आता निघूया?"

साडेचार. गाडी आत्याने काढली. बाईसाहेबांना मागच्या सीटवर पट्ट्याने नीट बांधलं, अंगावर शाल घातली. बायको शेजारी बसली. रस्त्यात दोन सिग्नल लाल लागले, आणि आत्याने दोन्ही सिग्नलना ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. बाईसाहेबांनी डोळा उघडला नाही.

पाचला सात मिनिटं कमी असताना भरतीवाला धापा टाकत बंदर खात्याच्या अर्जाच्या खिडकीशी पोचला. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि अर्ज अगदी सावकाश वाचला. दीपगृहाचं वळण, झाडापासून चार मीटर डावीकडे, तोंड पश्चिमेला, दोन दांडे, पाठ.

"एवढा विचार करून जागा मागणारं अजून कुणी आलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "बाक कुणासाठी? आजी?"

"बाईसाहेब म्हणतो आम्ही."

"ग्रहण बघायचंय होय त्यांना! या वयात! वा!" त्यांनी शिक्का उचलला आणि जोरात हाणला. "मंजूर. उद्या सकाळी बसेल. आजींना म्हणावं, बघून जा एकदा."

"आणलंय त्यांना. गाडीत झोपल्यात."

भरतीवाल्याला नाचावंसं वाटत होतं. त्याने पावती घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढून बघितली, पुन्हा ठेवली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वयाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, ग्रहणाच्या दिवशी ब्याऐंशी. आम्हाला आजचं वय लागतं. आज किती?"

"आज," भरतीवाला म्हणाला, "तीन महिने आणि चार दिवस."