कागदपत्रांप्रमाणे पूर्ण नाव

"नुसतं 'बंड्या' चालणार नाही," विवाह नोंदणी अधिकारी बाई म्हणाल्या. "शपथ घेताना दोघांनीही कागदपत्रांप्रमाणे पूर्ण नाव उच्चारायचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव."

"मलाच त्याचं पूर्ण नाव अर्ज भरताना कळलं!" नवरी हसली. नवरा फोटो विसरला होता, म्हणून ते काढायला समोरच्या स्टुडिओत गेला होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाईंचा कामावरचा हा पहिलाच दिवस. पूर्ण नावाचा त्यांचा हट्ट मात्र सात वर्षांचा. सात वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा बापाशी भांडून घराबाहेर पडला, तो पुन्हा दिसलाच नाही. ना फोन, ना पत्र. कधीतरी तो लग्न करेल आणि त्याचं नाव आपल्याच टेबलावरून जाईल, या आशेवर त्या प्रत्येक अर्ज बोट ठेवून वाचत. शक्यता नगण्य होती. हे त्यांनाही कळत होतं.

लेखनिकाने फाईल पुढे ठेवली. बाईंचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

नाव तेच. वडिलांचं तेच. आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं तेच. इतक्या गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत. ओळखपत्राच्या झेरॉक्समध्ये चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता. आईच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हयात नाही'.

रागाने मारून टाकलंस मला, त्या मनात म्हणाल्या. असू दे. ये तर खरा.

"मॅडम, पाणी देऊ?" लेखनिकाने विचारलं.

"नको. गुडघा दुखतोय जरा." मग नवरीकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "गातो का गं तो अजून?"

"कोण, बंड्या? अहो, तो शिट्टीसुद्धा बेसूर वाजवतो!"

सात वर्षांत माणूस गाणंही विसरत असेल.

"आणि भांडतो का?"

"छे! गरीब गाय आहे. फक्त घरचं विचारलं की गप्प. आई गेली, वडील गेले, विषय बंद. मी म्हटलं, बरंच झालं, सासूचा जाच नाही!" नवरीने जीभ चावली. "सॉरी हं, मॅडम."

"सासू असती ना," बाई डोळे पुसत हसल्या, "तर तिने तुला अजिबात जाच केला नसता."

व्हरांड्यात पावलं वाजली. गुडघा विसरून बाई ताडकन उभ्या राहिल्या.

फोटोंचं पाकीट घेऊन एक माणूस आत आला. बाईंनी त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तो सरळ नवरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"सांग बाबा एकदाचं," नवरी त्याला कोपराने ढोसत म्हणाली. "पूर्ण नाव लागतं इथे."

बाईंनी जन्मात कधी न पाहिलेला तो माणूस त्यांच्याकडे बघून अदबीने हसला, आणि त्याने त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव एकदाही न अडखळता सांगितलं.