वाटेवरच्या माणसाला

माझा मुलगा प्रल्हाद पहाटे गेला. नातू तुषार पुण्याला. वाटेवरच्या माणसाला मरण सांगत नाहीत, ही आमची जुनी रीत. म्हणून "बाबाला दवाखान्यात ठेवलंय" एवढंच कळवलं. तो एकटाच मोटारसायकलवर अमरावतीला निघाला.

चिखलीहून फोन आला, मग अकोल्याहून. "आजी, बाबा जेवला काय?"

"जेवला. तू हळू ये, बाबू." प्रल्हादच्या उशाशी बसूनच मी बोलत होते.

संध्याकाळी त्याने दारात गाडी लावली. सांगायला मी उंबऱ्यापर्यंत गेले. त्यानेच मला जवळ घेतलं.



"मले चिखलीच्या आधी, जालन्यालेच समजलं होतं, आजी. भावकीच्या ग्रुपवर बाबाचा हार घातलेला फोटो आला. पण मी रडत गाडी चालवून राहिलो हे कळलं असतं, तर तुले आणखी घोर लागला असता."