बोटुकलीची पिशवी

कुंडलजवळच्या तळ्यात सलग तिसऱ्या वर्षी मासा लागत नव्हता आणि मच्छीमार सोसायटीचे चेअरमन कुतुबुद्दीनचाचा पार वैतागून गेले होते. बारीक जाळी बंद केली, पावसाळ्यात होड्या काठाला लावल्या, दरवर्षी कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणून पाण्यात सोडली. हवा भरलेल्या प्रत्येक पिशवीची गाठ त्यांनी स्वतः सोडली होती. सुतळ्यासुद्धा खिशात घालून घरी नेल्या होत्या. तरी तळं रिकामंच.

आज भर दुपारी जाळं जड लागलं. जोडीदार जोतीरामनं ते होडीत ओढलं, तर आत एक टम्म फुगलेली पिशवी. वर तीन वर्षांपूर्वीची तारीख. आतली पिल्लं जिवंत होती, आणि अजून बोटभरच.

"आवं चाचा, ही सोडायची ऱ्हायली वाटतं."

"गप रं. माज्या हातानं सोडल्यात सगळ्या."

त्यांनी चिडून पिशवीचं तोंड चाचपलं. बाहेर गाठ नव्हतीच. प्लास्टिक आत ओढलेलं होतं. सुतळी आतल्या बाजूला होती, आणि तिची दोन्ही टोकं तोंडात धरून पिल्लं ती आणखी आवळत होती.