गोरखचिंचेचा धोका

"ही कुंडी सोसायटीच्या जिवावर उठलीय!" म्हणत चेअरमन सबनीसांनी ती मीटिंगच्या टेबलावर, बिल्डरकडून आलेल्या पेढ्यांच्या खोक्याशेजारी आदळली. कुंडीत बोटभर रोप होतं. त्याला जेमतेम चार पानं.

घैसासकाकूंनी आपली कुंडी झटकन सावरली. गोरखचिंचेचं, म्हणजे त्या आफ्रिकेतल्या अजस्र झाडाचं बी दगडासारखं टणक. काकूंनी ते पॉलिश पेपरवर घासलं, थर्मासमधल्या गरम पाण्यात भिजवलं आणि पुढे दोन महिने रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला पाणी घालत सगळ्या मजल्यांची थट्टा ऐकली. मूठभर बियांतून हे एवढं एकच उगवलं होतं.

"ह्याचा बुंधा केवढा होतो माहितीये? तुमच्या अख्ख्या हॉलएवढा!" सबनीस कडाडले. "मुळं इमारतीच्या पायात घुसणार, भिंती फाटणार. दोनशे वर्षांनी इमारत कोसळली तर जबाबदार कोण?"

"पहिले आम्हीच चिरडणार," तळमजल्यावरचे पिंगळे कळवळून म्हणाले. भराभर हात वर झाले. रोप हटवायचं बहुमताने ठरलं.

काकूंनी कुंडी मांडीवर घेतली. "अहो, पण आत्ताच आपण टाळ्या वाजवून ठरवलं ना, की इमारत मोडकळीला आलीय, दिवाळीनंतर पाडायची आणि बिल्डरकडून नवी बांधून घ्यायची?"

सबनीसांनी तोंडातला पेढा सावकाश गिळला.

"म्हणूनच सांगतोय, काकू. तोपर्यंत तरी ती पडायला नको!"