दसऱ्याचा खटका

“ही नको, लिव्हर फार घट्ट आहे,” म्हणत आबांनी तिसरी रायफल काउंटरवर परत ठेवली. रायफल निवडायला सुनेला घेऊन माझ्या दुकानात आलेले ते पहिलेच. पण रानडुकरांनी ऊस आडवा केल्यावर परवान्यासाठी हेलपाटे तिनंच घातले होते.

“आणि ही तुम्ही सोबत आणलेली वडिलांची जुनी रायफल?” मी विचारलं.

“ती मोडीत घ्या. फक्त दसऱ्याला भिंतीवरून उतरवतो. हळदकुंकू वाहिलं की घरातल्या सगळ्यात लहानानं घोडा ओढून चाप दाबायचा. खट्ट वाजलं की पूजा झाली. वडील गेल्यापासून रिकामीच आहे.”

रिकामीच आहे! हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आत काडतूस नाही ना हे बघायला मी नळी भिंतीकडे वळवून लिव्हर ओढली. ती गंजून अडली होती. जोर लावला, तसं आतून एक काडतूस उडून काचेवर घरंगळलं.

पितळ हिरवं पडलं होतं. बुडाशी खोल खड्डा होता, एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकल्यासारखा.

“दारू सादळली होती म्हणून वाचलात,” मी सांगितलं.

सुनेनं पर्समधून फोन काढून माझ्यासमोर धरला. फोटोत तिची सहा वर्षांची मुलगी, पाटावर टेकवलेल्या याच रायफलला गाल लावून हसत होती. नळी थेट कॅमेऱ्याकडे होती.

“फोटो मीच काढला,” ती म्हणाली. “खट्ट वाजेपर्यंत हलू नकोस, म्हणून मीच तिला ओरडत होते.”