मशीननंतरचे बाबा

दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं. थोरलीने नाक दाबून ते बाहेर काढलं आणि मोरीत ओतलं.

"तुझ्या बाबांचे प्रताप," आई दारातून म्हणाली. "त्या ऑपरेशनपासून डोकं ठिकाणावर नाही त्यांचं."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "माझंच चुकलं," एवढंच म्हणाले.

बायपासला वर्ष होत आलं होतं. छातीवरची जखम सुरेख भरली होती, बाबा जिने चढत होते, बाजारहाट करत होते. घरात मात्र रोज काहीतरी घडायचं. गॅस उघडा राहायचा. किल्ल्या हरवायच्या. भाजी तोंडात धरवेना इतकी खारट झाली, तर बाबा म्हणाले, जाता जाता मीच मीठ टाकलं. परवा आई दिवेलागणीपर्यंत घरी आली नाही. बाबा तिला हाताला धरून घेऊन आले आणि म्हणाले, "मीच हिला भलत्या चौकात उभं राहायला सांगितलं."

वर विनोद करायचे. "मशीनने रक्त तेवढं परत दिलं, अक्कल ठेवून घेतली." आई पदर तोंडाला लावून हसायची. थोरलीला हसू येत नसे.

कारण ऑपरेशनचा हट्ट तिचा होता. बाबा गोळ्यांवर भागवायला तयार होते. तिनेच रडून, रुसून त्यांना तयार केलं. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त मशीनमधून फिरवतात, एवढं तिला ठाऊक होतं. त्या मशीननंतर काही पेशंटची स्मरणशक्ती मंदावते, हे तिने नंतर वाचलं. बहुतेकांची काही महिन्यांत पूर्ववत होते, काहींची होत नाही. बाबा त्या काहींमधले निघाले. आपणच त्यांना वाचवलं आणि आपणच घालवलं, असं तिला वाटायचं. ती त्यांच्याशी नीट बोलेनाशी झाली.

बायपास झालेल्यांच्या स्मरणशक्तीवर त्याच हॉस्पिटलात संशोधन चालू आहे, असं कळलं तेव्हा तिने बाबांना न विचारताच वेळ ठरवली. बाबांनी खूप आढेवेढे घेतले. "आता या वयात कसली परीक्षा? नापास झालो तर काय वर्गात ठेवणार आहेत?"

आई म्हणाली, "जा की. मीही येते. तुम्हाला एकट्याला कुठे सोडायची सोय राहिली आहे?"

बाबा चपला घालू लागले.

आईला बाहेर बाकावर बसवून दोघं आत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी बाबांना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, एक गोष्ट ऐकवून ती परत सांगायला लावली. थोरली मांडीवरच्या पर्सचा बंद पिळत बसली होती. शेवटी त्यांनी सुरुवातीचे शब्द विचारले. बाबांनी ते ओळीने सांगितले.

"काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "मशीनचा काहीच परिणाम दिसत नाही."

"असं कसं होईल?" थोरलीचा आवाज चिरकला. तिने गॅस सांगितला, किल्ल्या सांगितल्या, कपाटातलं दूध सांगितलं. "रोज काहीतरी होतं, डॉक्टर. हे स्वतःच कबूल करतात."

"काका, घरी खरंच असं होतं?"

बाबा उठले. दाराच्या काचेतून त्यांनी बाहेर पाहिलं. बाकावरची आई शेजारच्या बाईला हसून काहीतरी विचारत होती. बाई उत्तर देत होती. आई पुन्हा तेच विचारत होती. बाबांनी दार नीट लागलंय ना, ते हाताने चाचपून पाहिलं आणि येऊन थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"होतं ते सगळं खरं आहे, पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण ऑपरेशन माझं झालंय ना, म्हणून तिचं विसरणं माझ्या नावावर खपून जातं."