वीस सेकंद गप्प

“श्वास आत घ्या. धरून ठेवा,” तंत्रज्ञ माईकवर म्हणाली.

“हो, धरला,” आतून आजी म्हणाल्या, आणि धरलेला श्वास गेला.

पडद्यावरची श्वासाची रेघ हिरव्या पट्टीतून खाली घसरली. किरण आपोआप बंद पडले. ही सहावी खेप.

आजींच्या डाव्या स्तनातली गाठ काढून झाली होती. आता तिथे किरण द्यायचे होते, आणि मागेच हृदय. छाती भरून श्वास घेतला की हृदय जरा लांब सरकतं, म्हणून वीस सेकंद श्वास धरायचा आणि तेवढ्यातच किरण सोडायचे. सरावाच्या दिवशी तंत्रज्ञ शेजारी उभी राहून हाताने खुणा करत होती, तेव्हा आजींनी चांगला तीस सेकंद धरला होता. आज जाड दार बंद, आत आजी एकट्या, आणि वरून येणारा नुसता आवाज. त्यांची सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत गेलेली. काचेपलीकडून कुणी बोललं की उत्तर द्यायचं, हे अंगात मुरलेलं.

“आजी, उत्तर देऊ नका हं.”

“नाही देत.”

आता काय बोलायचं? डॉक्टर नुकत्याच बजावून गेल्या होत्या, आणखी दोनदा बघा, नाहीतर श्वास न धरताच द्यावं लागेल. मग हृदयाला झळ लागायची ती लागणारच. पुढची खेपही “बरं बाई”वर गेली.

आता एकच उरली. तंत्रज्ञ बाहेर आली. बाकावर आजींची सून मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“माईक माझ्याकडे द्या,” ती म्हणाली. “त्या माझ्याशी बोलत नाहीत.”

“म्हणजे?”

“तीन वर्षं झाली. पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, आईंना क्षणभर गप्प बसवत नाही. तेव्हापासून.”

एकाच टेबलावर जेवायच्या दोघी, पण मीठ हवं असलं तरी निरोप मुलाकरवी. सुनेला ते वाक्य रोज टोचायचं. माफी मागायला जावं, तर आजी पाठ फिरवायच्या.

“आई, श्वास घ्या.” पडद्यासमोर बसून सून माईकवर म्हणाली.

आत आजींनी ओठ घट्ट मिटले. रेघ वर चढली, हिरव्या पट्टीत आली.

“धरून ठेवा.”

आतून चकार शब्द नाही. किरण सुरू झाले. पाच. दहा. सुनेने माईक दोन्ही हातांनी धरला. पंधरा. वीस.

“सोडा.”

आणखी तीन वेळा तसंच झालं. आजींनी हूं की चूं केलं नाही.

दार उघडलं. आजी झगा सावरत बाहेर आल्या. समोर सून डोळे पुसत उभी होती. आजींनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं, मग तंत्रज्ञाकडे वळल्या.

“अजून किती दिवस?”

“चौदा.”

“मग हिला सांगा, माईकवर रोज हीच हवी. चौदा दिवस मी हिच्याशी बोलणार नाही.” त्यांनी सुनेच्या हातातली पिशवी घेतली. “आणि पंधराव्या दिवशी सुट्टी काढ म्हणावं. तीन वर्षांचं बोलायचं साठलंय.”